मानीबाई आणि मागणारी देवी

मानीबाई राठोड यांच्याविषयी लिहायचे, तर एक गोष्ट आरंभीच नमूद करणे भाग आहे. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरच्या निवृत्तीत मी जितका त्यांच्यावर चिडलो, तितका अन्य कोणावरही चिडलो नाही. आणि प्रत्येक वेळी माझ्या चिडण्याला सबळ कारण होते.

दिग्रसपासून आठ किलोमीटरवरच्या एका गावात मी अकरा वर्षे मुख्याध्यापक होतो. शाळेमागच्या नाल्यापलीकडे बंजारा तांडा आहे. मानीबाई तिथल्या. मुलांची खिचडी त्या शिजवीत. मधली सुट्टी एक वाजून दहा मिनिटांनी होई आणि मुले ताटे घेऊन ओळीने बसत. मग काहीच होत नसे. कारण मानीबाई चुलीपुढे उकिडव्या बसून निखाऱ्यावर तुपाचा थेंब आणि खिचडीचा पहिला घास टाकीत, डोळे मिटून काही पुटपुटत, आणि हे पुरते आटोपल्याखेरीज पहिले ताट वाढीत नसत. यात रोजची तीन ते चार मिनिटे जात. तांड्यावर सणाला घरोघरी चुलीला असा भोग देतात हे मला ठाऊक होते. पण ते सणाला. मी त्यांना तसे स्पष्ट सांगितले.

त्या म्हणाल्या, “दीडशे लेकरं जेवते, गुर्जी. आमच्या घरी सणाले बी इतके नाई जेवत. मंग हा सणच नाई झाला काय?”

पुढे शाळेत गॅस आला. मला वाटले, प्रश्न मिटला. मानीबाईंनी भोग बर्नरमध्ये टाकावयास सुरुवात केली. बर्नरची छिद्रे बुजली. दुरुस्तीवाल्याला मी तीनदा बोलावले आणि तिसऱ्यांदा मानीबाईंना लेखी समज दिली: “यापुढे बर्नरमध्ये कोणताही खाद्यपदार्थ टाकू नये.” त्यांनी ती लेकीकडून वाचून घेतली, खाली सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून शेगडीच्या शेजारी झाकणात पेटलेली गोवरी ठेवून तिच्यावर भोग देऊ लागल्या. मी कागद दाखवला, तेव्हा म्हणाल्या, “त्याच्यात गवरीचं कोठी लिवलं हाय?” लिहिले नव्हते, ही माझी चूक होती. तिचा मला आजही पश्चात्ताप होतो.

मी निवृत्त झालो आणि दोन वर्षांनी त्याही थांबल्या. यापुढे आपला काही संबंध येणार नाही, अशी माझी समजूत होती. परंतु गेल्या कार्तिकात त्यांची मुलगी बबिता माझ्या दारात उभी राहिली. हातात पेटी, मागे आई.

बबिता माझी विद्यार्थिनी. पुसदला शिकली आणि आता पुण्यात एका कंपनीत आहे. परदेशी चित्रपटांना आणि व्हिडिओ गेमना मराठी संवाद आणि आवाज देण्याचे काम ती कंपनी करते. गेम म्हणजे मुलांनी डोळे बिघडवण्याचा उद्योग, असे माझे मत होते. बबिताने लॅपटॉप उघडून समजावले, तेव्हा त्या मतात मला थोडी दुरुस्ती करावी लागली. हा गेम इतिहासावर बेतलेला होता. सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वी ग्रीक लोक आपले मूळ नगर सोडून, गलबतांतून जाऊन दूरच्या किनाऱ्यांवर नवी नगरे वसवीत. खेळणाऱ्याने असे एक कुटुंब घेऊन निघायचे, जमीन कसायची, घर बांधायचे, तीन पिढ्या चालवायच्या. निघताना मूळ नगराच्या अग्निकुंडातला विस्तव सोबत न्यायचा. ही प्रथा इतिहासाला धरून आहे. मी पडताळून पाहिले.

त्या विस्तवाची देवी म्हणजे हेस्तिया. गेममधले इतर देव समुद्र खवळतात, लढाया लावतात. हेस्तिया घर सोडून कोठेही जात नाही. तिचे काम एकच. कुटुंबाने जेवणाआधी पहिला घास तिला दिला, तर घर टिकते. आधी स्वतः खाल्ले, तर विस्तव विझतो आणि खेळ मागे, शेवटची चूल जिथे पेटली होती तिथे जाऊन पडतो. संपूर्ण गेममध्ये तिची अकरा वाक्ये. सर्व देवांत मला हीच एक शिस्तीची वाटली.

बबिता म्हणाली, “सर, या देवीसाठी मुंबईच्या एका कलाकार बाईंचा आवाज जवळपास ठरला होता. मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, मले आठ दिवस द्या, माझी आई बोलेल. दोघं-तिघं हसले. आता हे नाही जमलं, तर यापुढं मी काहीही सुचवलं की हसतीलच. तिथं माझ्या शब्दाले काही किंमत राहणार नाही.”

“यात माझे काय काम?”

“वाक्यं मी इंग्रजीवरून केली आहेत. ती तुम्ही नीट करून द्या. आणि याडीले बोलाले शिकवा.”

याडी म्हणजे आई. याडी त्या वेळी माझ्या ओसरीवर बसून माझ्या पत्नीला, इंदूबाईंना, लसणाची चटणी कशी बिघडली ते सांगत होती.

मी अटी घातल्या. रोज दुपारी चार ते पाच सराव. आठव्या दिवशी माझ्या मागच्या खोलीत ध्वनिमुद्रण, तेही एक ते दोनच्या दरम्यान. कारण घरामागे जिनिंग आहे आणि कापसाच्या हंगामात तिथली यंत्रे केवळ जेवणाच्या सुट्टीतच थांबतात.

पहिले वाक्य मी असे सिद्ध केले: “हे गृहस्था, अन्नाचा पहिला अंश मला अर्पण कर. त्यानंतरच तू आणि तुझे कुटुंब भोजनास बसा.” बबिता वाचून दाखवी आणि मानीबाईंनी म्हणायचे, अशी पद्धत ठरली.

पहिल्या दिवशी मानीबाईंनी “मला” हा शब्द गाळला. दुसऱ्या दिवशी “तिला अर्पण कर” म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी वाक्य पूर्ण आले, पण शेजारणीचा निरोप सांगावा अशा स्वरात.

मी म्हणालो, “मानीबाई, तुम्ही देवी आहात. देवीच्या तोऱ्यात बोला.”

“मी कायची देवी, गुर्जी? माह्या गुडघ्याले तेल लावाले कोणी नाई.”

आत इंदूबाई हसल्या. त्यांनी हसावयास नको होते.

चौथ्या दिवशी मानीबाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारले, “हे बाई सोता मागते?”

“होय.”

“काहून?”

“तसे लिहिले आहे.”

“चूल कधी म्हणते काय, मले दे म्हणून? मागते थो भिकारी. नाई तं पावणा. चूल पावणी हाय काय? घर तिचंच हाय.”

“मानीबाई, ही ग्रीक देवी आहे. तुमच्या तांड्यावरची नव्हे.”

“असन ना. भूक तं तिलेबी नाई लागत.”

बबिता काकुळतीला आली. “याडी, बोल ना एकदा. खोटं खोटं.”

“खोटं खोटं दुसरं काई बी बोलतो व. हे नाई बोलत.” मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “माही आजी बैलाईसंग चालत जाये, गुर्जी. मिठाच्या गोण्या राहत. तांडा हलला की मडक्यात राख भरून, मधात निखारे ठेवून डोक्यावर घे. पुढच्या मुक्कामाले त्याच्यावरच चूल पेटवे. मडकं कधी नाई बोललं. आजीच बोले त्याच्यासंग. दिवसभर बोले. आजा म्हणे, माह्यासंग बी इतकी बोलत जाय.”

तो दिवस तसाच गेला. पाच वाजून वीस मिनिटे झाली आणि एकही वाक्य पदरात पडले नाही. जाताना बबिता दाराशी थांबली. तिचा चेहरा उतरला होता. “सर, पुण्याहून दोनदा फोन आला. मी सांगितलं, सराव चांगला सुरू आहे.” माझ्या विद्यार्थिनीने माझ्यामुळे खोटे बोलावे, हे मला रुचले नाही. मानीबाईंना ग्रंथांच्या आधाराने गप्प करायचे, असे मी ठरवले. त्या पुराव्यापुढे नमत नाहीत हे मला अकरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होते. पण निदान माझ्या मनाचे समाधान झाले असते.

माझ्याकडे प्राचीन ग्रीसवरचे तीन जाडजूड ग्रंथ आहेत. शिवाय एसटीने पुसदला जाऊन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक पूर्ण दिवस बसलो. हेस्तिया कोठे तरी अन्न मागते, असा एक उतारा मला हवा होता. एक. पहिला घास तिचा, हे सापडले. शेवटचाही तिचा, हेही सापडले. स्तोत्रांत लोक तिला हाका मारतात, ये म्हणतात, बस म्हणतात. तिने एकदा आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेतल्याचा उल्लेख मिळाला. याखेरीज तिच्या तोंडी काही सापडेना. आणि मागणे तर माझ्यापुढच्या कोणत्याही पानावर नव्हते. परतीच्या बसमध्ये मी सर्व टिपणे पुन्हा तपासली. काही निसटलेले नव्हते.

सातव्या दिवशी चार वाजता मी हे दोघींना सांगितले. सांगितले नसते, तर कोणाला कळले नसते. पण टिपणे माझ्या हातात होती आणि ती माझ्याच अक्षरात होती.

मानीबाईंना यत्किंचितही नवल वाटले नाही. “पुस्तकात बी तसंच हाय ना? मंग चार दिस कायले भांडून राह्यले होते?”

बबिता मात्र घाबरली. “सर, कंपनीले वाक्यं दिली तशीच पाहिजेत. उद्याच रेकॉर्डिंग आहे.”

मी तिला तिच्या वरिष्ठांना फोन लावण्यास सांगितले. कपिल नावाचे तरुण गृहस्थ होते. नम्र होते, पण वाक्य पूर्ण करीत नसत. “सर, चेंज आता... म्हणजे चित्र सगळं तयार आहे, त्यामुळे...”

“त्या चित्रात देवीचे ओठ हलतात का?”

“देवी दिसतच नाही, सर. फक्त विस्तव दिसतो. समोर घरातली बाई बसलेली असते, पाठमोरी.”

“मग ते शब्द देवीचे की त्या बाईचे, हे ऐकणाऱ्याला कशावरून कळते?”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “तुम्ही हे लिहून पाठवाल का?”

मी लिहून पाठवले. चार पाने, सात मुद्दे, प्रत्येकाखाली ग्रंथाचे नाव आणि पृष्ठांक. निष्कर्ष असा: हेस्तिया बोलत नाही, बोलते ती घरातली बाई, आणि ती मागत नाही, देते. बबिताने पत्र वाचले आणि म्हणाली, “सर, हे त्यांनी नाही मानलं तर मी संपली.” मी तिला धीर देऊ शकलो नाही. मुद्दे बिनचूक आहेत, एवढेच सांगू शकलो.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीच्या भिंतींवर आम्ही गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. एक वाजून चार मिनिटांनी जिनिंग थांबले. मानीबाई बबिताच्या पेटीतल्या मायक्रोफोनपुढे बसल्या आणि इकडेतिकडे पाहू लागल्या.

“बोल ना, याडी.”

“कोणाले बोलू? समोर तं गोधडी हाय.”

विस्तव हवा, असे त्यांचे म्हणणे. कापसाच्या गोधड्यांच्या खोलीत विस्तव आणता येणार नाही, असे मी निक्षून सांगितले. सांगून पूर्ण होण्याआधीच इंदूबाई घमेल्यात निखारे घेऊन आल्या. मी पाण्याची बादली घेऊन दाराशी उभा राहिलो आणि तसाच शेवटपर्यंत उभा होतो.

मानीबाईंनी निखाऱ्यांकडे पाहिले, पदर सारखा केला, आणि ज्या स्वरात त्या इंदूबाईंशी लसणाविषयी बोलत, त्याच स्वरात म्हणाल्या, “घे व माय. आधी तू. मंग आमी.”

हे माझे वाक्य नव्हते. माझ्या वाक्यातला एकही शब्द त्यात उरला नव्हता. निखारे तडतडत होते आणि ते सर्व ध्वनिमुद्रित होत होते. मी हाताने थांबण्याची खूण केली. बबिताने माझ्याकडे पाहिलेच नाही. अकरा वाक्ये पस्तीस मिनिटांत झाली. प्रत्येक वाक्य त्यांनी देवीकडून बाईकडे फिरवून घेतले. विस्तव विझल्यावर देवीने शाप द्यायचा होता, तिथे मानीबाई हळूच म्हणाल्या, “चुकलं व माय. पुन्हा पेटवतो.”

माझ्या पत्राला आणि ध्वनिमुद्रणाला नऊ दिवसांनी उत्तर आले. बबिता पुण्याला परतली होती. सुटी घेऊन मुद्दाम आली आणि तिने आमच्या ओसरीवर ते वाचून दाखवले. मूळ निर्मात्यांनी मराठी आवृत्तीपुरता बदल मान्य केला होता. हेस्तिया मूक राहील. अकरांपैकी नऊ वाक्ये मानीबाईंच्या आवाजात, घरातल्या बाईच्या तोंडी जातील. उरलेली दोन केवळ खेळाच्या सूचना असल्याने ती निवेदक म्हणेल. तडतड राहू द्यावी, असेही लिहिले होते.

“मंग देवीकडून कोण बोलन?” मानीबाईंनी विचारले.

“कोणीच नाही.”

“बराबर.” त्यांनी थोडा विचार केला. “अन् त्या बाईचं नाव काय हाय?”

बबिताने कागद पाहिला. नाव नव्हते. नुसते “गृहिणी” होते.

“तीन पिढ्या चूल सांभाळून राह्यली, अन् नाव नाई? सोमली ठेवा म्हणा. माह्या आजीचं हाय.”

सत्तावीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रीक बाईचे नाव सोमली असू शकत नाही, हे मी त्यांना समजावले. पुन्हा समजावले. तिसऱ्यांदा नकाशा आणून समजावले. मानीबाई नकाशावरचा समुद्र पाहत म्हणाल्या, “इतक्या दुरून आली, अन् नाव बदललं नसन काय?”

मी बबिताकडे पाहिले. इतिहासाचे शिक्षण तिला मी दिले होते. ती फोन घेऊन अंगणात गेली. “सर, मी सुचवून तर पाहते,” एवढे बोलून तिने कपिल यांना लावला आणि आम्हालाही ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला. तिने नाव सांगितले. पलीकडे चार-पाच माणसे असावीत. खुर्च्यांचे आवाज येत होते. कोणीही हसले नाही.

कपिल म्हणाले, “सोमली. यातला ‘ली’ लांबवायचा का, बबिता?”