आधी पुढे

त्याच्या हातात काही आलं की ते तिथे फार वेळ टिकत नसे. हॅलिफॅक्समधल्या आम्हा मराठी मंडळींचं दर महिन्याचं जेवण आमच्या बेसमेंटमध्ये असे. भाजीचं भांडं त्याच्याकडे आलं की स्वतःच्या ताटाकडे न बघता तो ते शेजाऱ्याकडे सरकवी. ‘आधी पुढे, काका,’ एवढंच म्हणे. गप्पांच्या नादात भांडं कुणापाशी अडलं, तर हा उठून ते हलवायचा. असा एखादा माणूस तुमच्याही पंगतीत असेल. बहुधा त्याच्याकडे तुमचं लक्ष गेलं नसेल.

आईवडील वसईचे, जन्म टोरांटोजवळचा. बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर तो हॅलिफॅक्सच्या विद्यापीठात आला, तेव्हा त्याच्या आईने कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून ‘पोराला अधूनमधून घरचं जेवायला घाला’ असं सांगितलं. ताडमाड कुणी येईल म्हणून मी वर बघत दार उघडलं. आला तो माझ्याच उंचीचा. तो गार्ड होता. चेंडू घेऊन यायचा, खेळ मांडायचा आणि मोकळ्या गड्याला पास द्यायचा, हे गार्डचं काम.

आम्ही सगळे क्रिकेटवर पोसलेले. सामना झाला की फोन करून विचारायचो, ‘किती काढले?’

‘काढले चार, दिले अकरा,’ तो म्हणायचा. म्हणजे त्याचे स्वतःचे गुण चार, आणि त्याच्या पासवर इतरांनी अकरा बास्केट केलेल्या. आम्हाला चारच ऐकू यायचे. ‘लवकर आउट झाला बिचारा,’ असं म्हणून आमच्यातले देशपांडे हळहळायचे.

कॉलेज संपल्यावर तो पोर्तुगालला गेला, मग जर्मनीतल्या कुठल्याशा गावी. फोनवर म्हणायचा, ‘कोचची भाषा काही कळत नाही, काका. But I'm playing.’ काही वर्षांनी हॅलिफॅक्सच्याच एका व्यावसायिक संघात परत आला, तो सुजलेला घोटा घेऊन. हिने त्यावर फ्रोझन मटारची पिशवी ठेवली. तेच मटार पुढे उसळीत गेले आणि ती त्याने दोनदा मागून घेतली.

सीझन संपत आला तेव्हा एकदा जेवताना मी पुढच्या वर्षाचं विचारलं. तो म्हणाला, ‘कोच म्हणतात, they want points. लास्ट गेममध्ये स्कोअर केलं नाही तर नेक्स्ट इयर नाही. या वयात दुसरी टीम कोण घेणार? मला अजून खेळायचंय, काका.’ आणि कोशिंबीर हिच्याकडे सरकवली.

शेवटच्या सामन्याला आम्ही झाडून सगळे गेलो. दोन्ही संघांचे गुण सारखे, घड्याळ संपत आलेलं आणि चेंडू त्याच्या हातात. त्याला अडवणारा घसरून पडला. समोर कुणी नाही. आमची अख्खी रांग उभी राहून ओरडली, ‘मार!’ त्या सबंध हॉलमध्ये ते फक्त त्यालाच कळलं असणार. त्याने बास्केटकडे पाहिलं आणि चेंडू डावीकडच्या सहकाऱ्याला दिला. त्या गड्याने बास्केट केली. संघ जिंकला, लोकांनी त्या सहकाऱ्याला उचलून घेतलं आणि हा बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता.

पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं. मी चिडलो होतो.

‘का नाही मारलास?’

‘तो मोकळा होता, काका.’

‘तूही मोकळाच होतास.’

‘हो.’ त्याने बुटांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. ‘तो जास्त मोकळा होता.’

मला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला. त्यातलं जास्त काय होतं, ते आजही सांगता येत नाही.

संघाने त्याला ठेवलं नाही. विनिपेगच्या एका शाळेत खेळ शिकवायचं काम मिळालं. जाताना मायक्रोवेव्ह देशपांड्यांना दिला आणि बर्फाचं फावडं मला. ‘अरे, तिकडे तर जास्त लागेल,’ मी म्हटलं. ‘मिळेल तिकडे,’ म्हणाला आणि गाडीत बसला.

पुढच्या जेवणाला श्रीखंड होतं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो. प्रत्येकाने आधी स्वतःला वाढून घेतलं, गप्पा मारत, सावकाश. पातेलं माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्यात नुसता चमचा होता. इतकी वर्षं ते टोकापर्यंत कसं पुरायचं, याचा आम्ही कुणी कधी विचारच केला नव्हता.