दुपारचे मास्तर

सकाळी दहा ते एक वानखडे मास्तर माझ्या शेजारी बाकावर बसून फळ्यावरचं उतरवून घ्यायचे, आणि दुपारी दोनला दवाखान्यातल्या प्रात्यक्षिकात तेच आमचे गुरू व्हायचे. त्यांना नेमकं काय म्हणायचं, याचा घोळ आमच्या वर्गात बरेच दिवस मिटला नाही. पन्नाशीच्या माणसाला नुसतं 'वानखडे' म्हणायला जीभ रेटत नसे, आणि 'सर' म्हटलं की ऑप्टिक्स, म्हणजे प्रकाशाचं गणित, शिकवणारे तरुण लेक्चरर वळून पाहत. शेवटी सगळ्यांनी 'मास्तर' पत्करलं. ते मात्र मला सकाळी 'तुम्ही' म्हणत आणि दुपारी 'तू'. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सकाळी तुमी मले शिकवता, दुपारी मी तुले. हिशेब साफ हाये."

गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपुरात ऑप्टोमेट्रीचा, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याचा, दोन वर्षांचा डिप्लोमा तेव्हा नवाच होता. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून मी तिकडे वळलो. महाल भागातल्या आमच्या घरी ते नाव शेवटपर्यंत कोणाला नीट उच्चारता आलं नाही. पोरगा डॉक्टर होणार की चष्म्याचं दुकान टाकणार, असं वडील अधूनमधून विचारत आणि मलाही खात्रीने सांगता येत नसे. मास्तरांचं प्रकरण वेगळं होतं. ते दवाखान्यात शिपाई म्हणून लागलेले. डोळ्यांच्या विभागातल्या एका जुन्या डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून काम शिकवलं, आणि वीसेक वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून ते लोकांच्या चष्म्याचे नंबर काढत होते. आता नियम निघाला होता, की नंबर काढणाऱ्याकडे डिप्लोमा हवा. म्हणून मास्तर आमच्यासोबत बाकावर आले. अनुभवामुळे त्यांना शेवटच्या परीक्षेला दोनदा बसायची सवलत होती, एकदा पहिल्याच वर्षी आणि एकदा आमच्यासोबत. तेवढ्यात पास झाले नाहीत, तर खोली सोडून स्टोअरमध्ये कापसाचे गठ्ठे सांभाळायचे.

त्या खोलीत मात्र ते राजे होते. रेटिनोस्कोप म्हणजे डोळ्यात उजेडाची तिरीप टाकून आतली झाक कशी सरकते त्यावरून नंबर ओळखायचं हत्यार. मला त्यात कितीतरी महिने नुसता तांबूस धुरळा दिसे. झाक तिरिपीसोबत सरकते की उलटी, हे मी दर वेळी वेगळं सांगायचो. मास्तर एकदाच डोळा लावत आणि पेटीतून नेमकं भिंग उचलून देत. एकदा यवतमाळकडची एक म्हातारी माझ्या प्रत्येक भिंगाला 'दिसते बाप्पा' म्हणत होती. मी खूश होऊन नंबर लिहायला घेतला. मास्तरांनी तिच्यापुढे तुरीच्या डाळीचं ताट ठेवलं आणि खडे वेचायला सांगितलं. तिने चाचपडत डाळच वेचून बाजूला ठेवली. मास्तरांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"डॉक्टरचं मन मोडू नये म्हनून 'दिसते' म्हनतात हे लोक. डोया खोटं नाई बोलत गा, तोंड बोलते. पहिले डोयाले विचार."

ह्याच माणसाची सकाळी दैना व्हायची. भिंगाच्या सूत्रात समोरच्या वस्तूचं अंतर मायनस धरतात, ते त्यांच्या गळी उतरेना. मधल्या सुट्टीत चहाच्या टपरीवर मी वहीत आकृत्या काढकाढून थकलो.

"पेशंट माह्यासमोर बसून राहिला," ते म्हणाले. "टेपानं मोजलं त एक मीटर भरते. मंग मायनस काहून?"

तसं ठरलंय, मी म्हणालो.

"कोनं ठरवलं? त्यानं कधी पेशंट पाह्यला का?"

मी लेक्चररसाहेबांना विचारून आलो, तर तेही म्हणाले, तसं धरायचं असतं. खरं सांगायचं तर त्यानंतर मलाही तो मायनस खटकायला लागला, आणि मी तो मुकाट पाठ करून टाकला. मास्तरांना पाठ करणं जमत नव्हतं. कळल्याशिवाय हातच हलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या खेपेला ते ऑप्टिक्समध्ये नापास झाले. दुसऱ्या खेपेला प्रात्यक्षिकात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यांचा हात पाहून हौसेने स्वतःचेच डोळे तपासून घेतले. आम्हाला वाटलं, सुटले मास्तर. निकाल लागला तेव्हा यादीत माझं नाव होतं, त्यांचं नव्हतं. मी शोधत गेलो तर ते खोलीत भिंगं पुसत बसले होते.

"पहिल्या गनितात मायनस टाकला," ते म्हणाले. "दुसऱ्यात वाटलं चुकलं, काढला. मंग पहिल्यातला बी काढला. घंटा झाली तवा दोनीत परत टाकून राहिलो होतो."

ते हसत होते आणि मला रडू येत होतं. त्यांना मी नीट शिकवू शकलो नाही, असं तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

महिन्याभराने मला नेमणुकीचं पत्र आलं, ते त्याच खोलीचं. नाकारावं असं मनात होतं. हे मास्तरांच्या कानावर गेलं आणि ते सायकल मारत घरी आले. चहाही न घेता म्हणाले, "तू नाई म्हनशील त दुसरा कोनी येईन. त्याले मी कवा शिकवू?"

पहिल्या दिवशी ते किल्ल्या द्यायला आले. दाराबाहेर पेशंट दाटीने बसले होते आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे होत्या. मी खुर्चीशी घुटमळत राहिलो.

"बस," ते हळूच म्हणाले. "तू उभा राह्यला त हे लोक माह्याकडंच पाहत राहतीन."

मी बसलो. बाहेर जाऊन त्यांनी काळा पडदा ओढून घेतला आणि पहिलं नाव स्वतःच पुकारलं. एक शेतकरी आत आला. मी तिरीप टाकली, झाक पाहिली, चार भिंगं बदलली. पडद्याखालच्या फटीतून मास्तरांच्या चपला दिसत होत्या. मी नंबर मुद्दाम मोठ्याने बोलून कागदावर लिहिला. तेव्हा कुठे त्या चपला हलल्या. माझ्या आवाजात खात्री वाटली म्हणून ते गेले, की ऐकवेना म्हणून, ते मला आजवर उमगलेलं नाही.