सुप्रभाची पहिली गोळी

बेलग्रेव्ह रोडवर भाजी घेताना कुणी सुप्रभा घोरपडेला "काय गं, अजून ते बंदुकीचं खूळ आहे का?" असं विचारलं, की तिचं डोकंच फिरतं. खूळ काय, खूळ! सत्तावन्न वर्षांची बाई. तीस वर्षं इंग्लंडात, लेस्टरच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात घालवलेली. पोलिसांनी घरी येऊन, लोखंडी कपाट ठोकून बघून, डॉक्टरांचं पत्र मागवून तिला बंदुकीचं रीतसर सर्टिफिकेट दिलेलं. खूळ असतं तर त्यांना दिसलं नसतं का?

सुरुवात झाली ती स्टॅनमुळे. स्टॅन हॉस्पिटलची सॅम्पल्सची व्हॅन चालवायचा आणि शनिवार-रविवार हरणांच्या मागे जंगलात हिंडायचा. एकदा त्यानं कार पार्कमध्ये सुप्रभाच्या हातात हरणाच्या मटणाची पिशवी ठेवली. तिनं ते काळ्या मसाल्यात, चांगलं सातारी हातानं केलं आणि सोमवारी त्याला डबा नेऊन दिला. बिचाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या, पण गड्यानं डबा चाटूनपुसून साफ केला. पुढच्या शनिवारी तो तिला जंगलात घेऊन गेला, आणि त्यानंतर आठ वर्षं ती त्याच्या मागून चालत राहिली, शिकत राहिली.

मेल्टन गावाच्या बाजूला ऐंशी एकरांचं ते जंगल एका ट्रस्टच्या मालकीचं आहे. तिथले ओक स्टॅननं आणि गावातल्या चार माणसांनी तीस वर्षांपूर्वी स्वतः खड्डे खणून लावले. तेव्हापासून हरणं आवरायचं काम त्याच्याकडे. आता तुम्ही म्हणाल, हरणांना कशाला मारायचं? अहो, त्यांना खाणारं जनावरच इथं उरलेलं नाही. माणसानं आवरली नाहीत तर एकही नवं रोप गुडघ्याच्या वर येत नाही.

मग स्टॅनची नजर गेली. डोळ्यांसमोर अगदी मधोमध धूसर डाग, आणि त्यावर ऑपरेशन नाही. त्यानं आपली जुनी रायफल कायदेशीरपणे सुप्रभाच्या नावावर केली आणि म्हणाला, "सू, जंगल तू सांभाळ. दुसऱ्या कुणाच्या हातात देववत नाही मला." ती "हो" म्हणाली. म्हटलं ते म्हटलं, सुप्रभा शब्द फिरवणारी नव्हे.

पण ट्रस्टची परीक्षा होती. शंभर मीटरवर वाटीच्या तोंडाएवढं वर्तुळ, तीन गोळ्या आणि तिन्ही आत. आधी सरावाची एकही गोळी मारायची नाही, कारण जंगलात हरीण काही सरावासाठी थांबत नाही. त्यात गोळ्या तांब्याच्याच हव्यात. शिसं मटणात आणि पाखरांच्या पोटात उतरतं म्हणून ट्रस्टनं ते पार बंद केलं होतं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या शनिवारी सुप्रभा परीक्षेला गेली आणि सपशेल आपटली. पहिली गोळी वर्तुळाच्या वीतभर खाली, दुसरी कडेला चाटून, तिसरी भलतीच डावीकडे. तिथं कॉलिन नावाचा दुसरा एक शिकारी उभा होता. त्याला हे जंगल ठेक्यानं हवं होतं. तो गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "नर्व्ज, लव्ह. होतं असं." ट्रस्टची मॅनेजर फिओना सरळ बोलणारी. तिनं सांगितलं, "हे वर्ष कॉलिन बघेल. पुढच्या ऑक्टोबरात तुला एकच संधी. नाही जमलं तर जंगल कायमचं त्याच्याकडे." घरी जाताना गाडीत स्टॅन खिडकीबाहेर बघत बसला, आणि बाहेरचं तर त्याला धड दिसतही नव्हतं. सुप्रभाला तेच जिव्हारी लागलं.

"अगं, वय झालं आपलं," अंबरीशरावांनी चहा पुढे करत समजूत घातली. नवरा तसा गरीब, पण बोलायची वेळ नेमकी चुकते.

"तुमचं झालं असेल," ती फणकारली. "माझा हात हलला नाही. मला माहीत आहे ना माझा हात!"

लॅबमध्ये एखादा रिपोर्ट विचित्र आला तर कुणी "नर्व्ज" म्हणत नाही. आधी मशीन बघायचं, मग औषधं, मग माणूस, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की नेमकं काय लागू पडलं ते देवालाही सांगता येत नाही. सुप्रभानं एक लाल वही आणली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.

आधी मशीन. एक कागदाची पट्टी घेऊन ती नळी आणि लाकडी दस्ता यांच्या फटीतून सरकवत गेली. स्टॅनच्या काळी पट्टी सहज जायची. आता ती अर्ध्यावर अडली. इतक्या वर्षांच्या ओलीनं लाकूड फुगून नळीला टेकलं होतं. गोळी सुटताना नळी थरथरते, आणि टेकलेली नळी दर वेळी वेगळी थरथरते. नेमबाजीच्या क्लबमधल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे बसून तिनं लाकूड पॉलिश पेपरनं घासून घेतलं, वरून लाख चढवून घेतली, दस्त्याचे आणि वरच्या दुर्बिणीचे स्क्रू मोजून सारखे आवळून घेतले. पट्टी सुळकन जायला लागली. गोळ्या जवळ आल्या, पण पुरेशा नाही.

मग गोळ्यांकडे वळली. क्लबातले सगळे शहाणे एका सुरात म्हणाले, "जड गोळी घे, जड गोळी सरळ जाते." तिनं ऐकलं. मिळाली तेवढी जड तांब्याची गोळी आणली, तर कागदावर भोकं पडली लांबट! गोळी चक्क आडवी होऊन जात होती. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला स्वतःभोवती जास्त जोरात फिरावं लागतं. स्टॅनच्या जुन्या नळीतल्या पिळदार खाचा गोळीला दहा इंचांत एकच फेरा देतात. कमी फिरलेला भोवरा जसा डुलत डुलत आडवा होतो, तसं चाललं होतं. "जड घे म्हणे! माझी नळी विचारलीत का आधी?" असं ती त्या शहाण्यांना तोंडावर म्हणाली. मग हलक्या, आखूड गोळीची तीन कंपन्यांची काडतुसं आणली. हरणासाठी कायद्यानं ठरवलेला जोर त्यात आहे ना, ते पाकिटावर वाचून घेतलं. एक कंपनी बदलली की आधी नळीतला तांब्याचा मळ साफ, मग पुढच्या खेपेला पुन्हा पाच गोळ्या. तिसऱ्या कंपनीच्या पाचांतल्या चार गोळ्या एका पौंडाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. सुप्रभा क्लबच्या रेंजवर एकटीच होती, तरी तिनं मोठ्यांदा "शाब्बास!" म्हणून घेतलं.

पण ती पाचवी! म्हणजे खरं तर पहिली. दिवसातली पहिली गोळी दर वेळी खालीच. जुलैत दोन बोटं, फेब्रुवारीत वीतभर. मागाहूनच्या सगळ्या शहाण्यासारख्या एका जागी. आणि परीक्षेत तर पहिल्या गोळीलाच माफी नाही. "थंड नळी थोडी फिरते," स्टॅन म्हणाला. "तेल लावतेस ना साफ करून?" "लावते की, न चुकता," ती म्हणाली. तिनं श्वास बदलून पाहिला, खांदा बदलून पाहिला. सप्टेंबर उजाडला तरी वहीतला तो पहिला आकडा जागचा हलेना. एकदा तर गाडीत बसून ती रडलीसुद्धा. स्टॅनला काय तोंड दाखवायचं, हेच तिच्या डोक्यात होतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी अंबरीशरावांना डोक्याला तेल लावायचं होतं. इंग्लंडात खोबरेल तेलाची बाटली वर्षातले दहा महिने दगड होऊन बसते, हे आपल्याला काही सांगायला नको. त्यांनी ती गरम पाण्यात ठेवली, पातळ झालेलं तेल स्टीलच्या वाटीत ओतलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. सुप्रभा ओट्यापाशी कांदा चिरत होती. पाच मिनिटांनी तिचं सहज लक्ष गेलं. वाटीच्या गार कडेला तेलाचा पांढरा थर धरला होता.

ती बघतच राहिली. हातातली सुरी तिनं खाली ठेवली.

तिचे वडील सुभेदार होते. साताऱ्याजवळच्या घरात खंडेनवमीला तात्या आपली बंदूक पुसून पाटावर ठेवायचे, कुंकू लावायचे, फूल वाहायचे आणि नळीतून खोबरेल तेलाची चिंधी फिरवायचे. "हत्याराला तेल घरचंच घालावं," म्हणायचे. सुप्रभा तेच करत आली होती. नुसतं दसऱ्यालाच नाही, दर वेळी साफ करून झालं की बाटली गरम पाण्यात, चिंधीवर दोन थेंब, नळीतून एक फेरा. हाताला इतकं सवयीचं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे, हेच कधी सुचलं नाही. नळीसुद्धा पोलादाचीच. गारठलेल्या सकाळी रेंजवर पोचेपर्यंत आत हाच पांढरा थर, आणि पहिली गोळी त्या लोण्यातून वाट काढत निघालेली!

"अहो!" ती ओरडली. "तुमच्या टकलानं माझं जंगल वाचवलं!"

अंबरीशराव फोन हातात धरून दारात उभे. बायकोनं आपल्याला मिठी का मारली ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनी तक्रार केली नाही.

स्टॅनला सांगितलं तेव्हा तो आधी पांढराफटक पडला. "कोकोनट ऑइल? रायफलमध्ये? सू, थर जाड असता तर नळी फुटली असती!" मग तो जो हसत सुटला तो डोळे पुसेपर्यंत. तिनं नळी औषधानं धुतली, कोरड्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत फिरवल्या. ठेवताना बंदुकीचं पातळ तेल, आणि रेंजवर जायच्या आधी तेही पूर्ण पुसून. एका सकाळचा भरवसा नाही म्हणून तीन वेगळ्या सकाळी जाऊन तिनं प्रत्येकी एकच गोळी मारली. तीनही मधोमध.

आणि पूजा? पूजा केली, सोडायची कशाला? खंडेनवमीला मागचा सरकता बोल्ट काढून, रिकामी रायफल पाटावर ठेवली. दस्त्याला कुंकवाचं बोट, वर बागेतला झेंडू. तात्या चुकले असं तिला वाटलंच नाही. त्यांची बंदूक उसातली डुकरं पिटाळायला हवेत बार काढायची, तिला नेमाचं काय पडलं होतं! खोबरेल तेल फक्त समईत घातलं.

परीक्षेच्या शनिवारी रेंजवर दहिवर पडलं होतं. कॉलिन हात खिशात घालून उभा, फिओना दुर्बिणीपाशी, स्टॅन घडीच्या खुर्चीवर. सुप्रभा पोटावर झोपली. गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं नळीतून शेवटची कोरडी चिंधी काढली होती, आणि ती कोरी निघाली होती. वर्षभर छळणारी ती पहिली गोळी आता समोर होती. तिनं श्वास सोडला आणि चाप ओढला.

पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. फिओना दुर्बिणीवरून उठली आणि स्वतः चालत जाऊन कागद घेऊन आली. तो बघून कॉलिननं हात खिशातून काढले. "ब्लडी हेल," तो म्हणाला, आणि मान्य करायला हवं, मनापासून म्हणाला.

फिओनानं जंगलाच्या फाटकाची किल्ली सुप्रभाच्या हातावर ठेवली. सुप्रभा कागद घेऊन थेट स्टॅनपाशी गेली. त्याला कागद दिसणार नव्हता, म्हणून तिनं त्याचं बोट धरून वर्तुळाच्या मध्यावर नेलं. म्हाताऱ्यानं तिथं बोट फिरवलं, मग आजूबाजूला चाचपलं, पुन्हा मध्यावर आणलं.

"बाकीच्या दोन कुठे आहेत, सू? मला तर एकच भोक लागतंय."

"तिथंच आहेत तिन्ही," सुप्रभा म्हणाली, आणि तिनं किल्ली त्याच्या मुठीत दिली. "चला, फाटक तुम्ही उघडा."