गोगलगायींच्या वाटणीचं पाणी

खाऱ्या पाण्यातले मासे पाळायची हौस माझ्या नवऱ्याची. समुद्र बघायला घाट उतरावा लागतो अशा आमच्या सांगलीत, विश्रामबागेतल्या हॉलमध्ये त्यानं काचेची मोठी टाकी मांडली आणि थोड्याच महिन्यांत साहेबांची बदली झाली परगावी. टाकी माझ्या गळ्यात. वर काचेवरचं शेवाळ खायला आणलेल्या समुद्री गोगलगायी आणि शंखातले चिमुकले खेकडे, त्यांचंही बघायचं मीच. फोनवर रोज चार शब्द सुनवायची मी त्याला.

अशात सासूबाई गेल्या आणि सासरे, म्हणजे आमचे मामा, उंब्रजहून आमच्याकडे राहायला आले. फौजेत आयुष्य काढलेला, खणखणीत आवाजाचा माणूस, पण सासूबाईंच्या मागं बोलेचनात. ताटात अन्न चिवडायचे आणि उठायचे. मला धास्तीच वाटायला लागली.

एका सकाळी टाकीपाशी उभं राहून म्हणाले, "पोरी, ही उताणी पडलीया गं." मी सांगितलं, गोगलगायींची ही जात उताणी पडली की आपली आपण सरळ होत नाही, तशीच राहिली तर मरते, नाहीतर खेकडे खातात. झालं! दुसऱ्या दिवसापासून अंघोळ झाली की बाही वर करून मामांचा हात टाकीत. "परत पडलास व्हय रं गड्या? ऊठ!" शेवाळ कमी पडलं की मला हुकूम, पालकाचं पान उकडून दे. स्वतःही पोटभर जेवायला लागले. आम्हा दोघांना जे जमलं नाही ते त्या मुक्या जिवांनी केलं, अगदी मनापासून हात जोडले मी त्यांना.

उन्हाळ्यात मात्र गोगलगायी पटापट पडायला लागल्या. सरळ केल्या तरी काचेला चिकटेनात. मासे मजेत. मी पाण्यातलं मीठ तपासलं, टाकीचा फिल्टर धुतला, काही कळेना. मामा पुन्हा ताटावरून अर्धपोटी उठू लागले.

टाकीतलं पाणी उन्हानं उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून वरून प्यायच्या फिल्टरचं गोडं पाणी घालायचं असतं. ते काम उन्हाळा लागल्यापासून मामांनी आपणहून घेतलं होतं. एके दिवशी मी लवकर उठून बाहेर आले, तर मामा तांब्याच्या कळशीतलं पाणी टाकीत ओतत होते!

"मामा, अहो थांबा!"

"रातभर तांब्यात ठिवलेलं हाय, पोरी. लय गुणाचं. माझ्या वाटणीचंच घालतोय, मी फिल्टरचं पितो. ही पडाया लागल्यापास्नं जरा जास्तच घालतोय."

माझं डोकं सणकलं होतं. तांबं म्हणजे गोगलगायींना विष, माशांना एक वेळ चालून जातं. पण स्वतःच्या तोंडचं पाणी त्यांना देणाऱ्या माणसावर ओरडू कशी? जीभ आवरली, आणि हळूच, होतं ते सांगितलं. मामांनी कळशी ओट्यावर पालथी घातली, हात पुसले आणि खोलीत गेले.

दिवसभर मी मीठ कालवून बादल्याच्या बादल्या पाणी बदललं. मोजक्याच गोगलगायी वाचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मामा पिशवी भरून दारात.

"उंब्रजला जातो. हितं माझा हात चांगला न्हाई."

आता मात्र माझा बांध फुटला. "जा खुशाल! गोगलगायींच्या त्या बुळबुळीत अंगाला मला हात लावता येत नाही, माहीत आहे तुम्हाला. पडू देत, मरू देत. आणि मी? रिकाम्या घरात एकटीनं कुणाशी भांडायचं? तुम्ही आल्यापासून घर वाटतंय हे मला, कळतंय का?"

मामा माझ्या मागं टाकीकडं बघत होते. एक गोगलगाय काचेवरून सुटून वाळूत उताणी पडली होती. मी जागची हलले नाही. खरंच हात लावता येत नव्हता मला.

मामांनी पिशवी खाली ठेवली, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि बाही वर केली. गोगलगाय सरळ झाली तरी हात पाण्यातच होता, ती पाय रोवून पुढं सरकेपर्यंत. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"कुठलं पानी घालायचं, ते दाव मला एकदा. नीट दाव."