किल्लीवाल्याचं तत्त्वज्ञान

बसथांब्यामागे किल्ल्या करून देणाऱ्याला सगळे 'तत्त्वज्ञ' म्हणत. पस्तीस वर्षं कानस घासता घासता त्यानं माणसाच्या जातीबद्दल भरपूर विचार करून ठेवला होता, आणि तो गिऱ्हाइकांना फुकट मिळे.

"कुलूप चोरासाठी नसतंच, घरच्यांसाठी असतं," तो म्हणे. "माणूस मुळात लबाड. समाज म्हणजे काय, एकमेकांवर ठेवलेली पाळत!"

लोक हसत, किल्ली घेत आणि चालू लागत.

एका दुपारी शिवणकाम करणाऱ्या काकूंचे दोन पुतणे आले. दोघेही दांडगे. काकूंच्या खोलीची किल्ली हरवली म्हणाले.

"काकू कुठायत?"

"मुलीकडे गेल्यात," थोरला म्हणाला.

काकूंना मूलबाळ नव्हतं. किल्लीवाल्याचे सदरे गेली वीस वर्षं त्याच शिवत होत्या. हे त्याला ठाऊक नसेल तर कुणाला? त्यानं थोरल्याच्या जाडजूड मनगटाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं हत्यारांची पिशवी उचलली. दोन मिनिटांत काकूंच्या दाराचं कुलूप निघालं. आत मशीनच्या सुईखाली अर्धवट शिवलेला फ्रॉक होता, खिडकीत औषधांच्या बाटल्या. "आता हे बसव," म्हणून धाकट्यानं नवं कुलूप पुढे केलं. त्यानं बसवलं.

तीन आठवड्यांनी काकू काठी टेकत दुकानापुढे उभ्या राहिल्या. हातात दवाखान्याची पिशवी होती.

"माझ्या दाराला भलतंच कुलूप आहे हो. उघडून देता का?"

"काकू, खोलीचे कागद आहेत का? तसं उघडता येत नाही आम्हाला."

"कागद आतच आहेत." त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "त्यांना विचारले होतेत कागद?"

तो कानशीवरचा कीस झटकत बसला. काकू आणखी थोडा वेळ थांबल्या, मग गेल्या.

खोली त्यांना परत मिळाली नाही. मशीनही नाही. आता त्या एका ओळखीच्या बाईकडे पोटमाळ्यावर राहतात आणि हातानं काजं करून देतात. बाजाराला जाताना त्याचं दुकान टाळून लांबच्या रस्त्यानं जातात, काठी टेकत.

परवा जेवताना तो पुन्हा सुरू झाला, "माणूस मुळात लबाड..."

"स्वतःला धरून म्हणताय, की सोडून?" बायकोनं विचारलं.

तो चिडला, ताट सरकवून उठला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकानं विचारलं, "काय तत्त्वज्ञ, आज काय नवीन?" तेव्हा त्यानं तेच सगळं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्या आवाजात.