न पोचलेली हाक

खालच्या खोलीतला वडिलांचा माइक वर माझ्या लिनक्स संगणकाला जोडलेला आहे. एकदा पडल्यापासून ते एकटे उठत नाहीत. हाक मारतात, ती माझ्या स्पीकरवर येते. मंगळवारी दुपारी मी साउंड सर्व्हर, म्हणजे बाकी प्रोग्रॅम आणि साउंड कार्ड यांच्यामधला आवाज सांभाळणारा प्रोग्रॅम, काढून टाकला. सहकारी म्हणाला होता, "मधला माणूस कशाला? प्रोग्रॅमला थेट साउंड कार्डाशी बोलू दे. आवाज स्वच्छ येतो." खरंच स्वच्छ आला. बातमीसाठी घेतलेल्या एका मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावून मी तासभर ती लिहून काढत बसलो. खालून काही आलं नाही. झोपले असतील, असं धरलं.

पाणी प्यायला उतरलो तेव्हा वडील पलंगाशेजारी जमिनीवर बसलेले होते.

"चार हाका मारल्या," ते म्हणाले. "मग म्हटलं, साहेब बातमीत आहेत."

कारण साधं होतं. थेट जोडणीत कार्ड एका वेळी एकाच प्रोग्रॅमचं होतं. मुलाखतीने ते धरून ठेवलं होतं, माइकच्या आवाजाला ते मिळालंच नाही. सगळ्यांचे आवाज एकत्र करून पुढे पाठवणं, हेच त्या मधल्या माणसाचं काम. पडद्यावर कसलीही चूक दिसली नव्हती. कोणी हाक न मारणं आणि मारलेली हाक न पोचणं, दोन्हींची शांतता सारखीच असते.

सर्व्हर पुन्हा बसवला. तरी स्पीकर गप्प असला की दहा मिनिटांनी मी जिना उतरतो.

"आहे जिवंत," पेपरातून मान वर न करता वडील म्हणतात. "जा, काम कर."

मी वर जातो. पायऱ्या चढेपर्यंतच ते 'आहे जिवंत' खरं वाटतं.