एकाच संगणकावरून दोन टेंडरं

कल्लाप्पा आमच्या गावचा आचारी. निपाणीच्या आसपास कुठंही लग्न निघालं की चुलाणाशी हाच. पण लग्नं काही बारा महिने नसतात. त्याचं खरं पोट चालायचं ते सरकारी दवाखान्यातल्या पेशंटांच्या जेवणावर. दर वर्षी टेंडर भरायचं, दर सगळ्यांत कमी ठेवायचा आणि काम टिकवायचं. बायको राजाबाई चपात्या लाटायची, आमटी-भात तो बघायचा.

त्याच घराच्या दुसऱ्या दारात धाकटा भाऊ भरमा राहतो. तोही आचारीच, कल्लाप्पाच्या हाताखाली शिकलेला. कल्लाप्पाच्या मुलीच्या, दिपालीच्या लग्नात जेवणाचं काम भरमाला मिळायला हवं होतं. कल्लाप्पानं ऐट म्हणून कोल्हापूरचा केटरर आणला. भरमा जेवला नाही, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दिपालीची पोरं आता शाळेत जातात. गावातले लोक दोन्ही दारांत वेगवेगळी पत्रिका देतात.

यंदा भरमानंही टेंडर भरलं. "आण्णाचं काम काढून घेतो का न्हाय बघा," असं तो चावडीत सांगत फिरला. टेंडर भरायचं ऑनलाइन, आणि गावात ऑनलाइन सेंटर एकच, आदर्शचं. कल्लाप्पा सकाळी जाऊन आला. दाराशी थोरल्याच्या चपला नाहीत याची खात्री करून भरमा दुपारी गेला. आदर्शनं एकाचा दर दुसऱ्याला सांगितला नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

दर उघडले तेव्हा कल्लाप्पाचाच कमी निघाला. पण काम हातात पडायच्या आधी जिल्ह्याला तपासणी होते, तिथं दोघंही अडकले. आडनाव एक, घर नंबर एक, संगणकही एक. दोन भाऊ आतून मिळून स्पर्धेचं नाटक करतात, असा संशय. बेळगावला येऊन खुलासा करा, नाहीतर दोघांनाही तीन वर्षं बंदी, अशी नोटीस आली. नियमात चूक नव्हती. मी कचेरीत नोकरी केलीय, असली नाटकं पोत्यानं पाहिलीत.

कल्लाप्पानं मला सोबत नेलं. मी वाटेत त्याला चार वेळा पढवलं, "तुमचं भांडण आहे एवढं सांग. बाकी काही बोलू नको. मी साक्ष देतो, सारा गाव देईल."

"व्हय आप्पा," तो म्हणाला.

अधिकारीबाई शांत होत्या. खोलीत बाकीचे ठेकेदार, कारकून, शिपाई. बाईंनी कागद पाहिले आणि विचारलं, "भावाशी तुमचं बोलणं आहे का?"

भरमा समोरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. कल्लाप्पानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा त्या अनोळखी माणसांकडं.

"हाय की," तो म्हणाला. "का नसंल? पाठचा भाऊ हाय माझा."

मी कपाळाला हात लावला. बाईंनी भरमाला विचारलं. वाटलं, हा तरी खरं बोलेल. तो उभा राहिला आणि म्हणाला, "आण्णाच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो न्हाय, मॅडम."

मी मध्ये बोलू लागलो, तर बाई म्हणाल्या, "ते दोघं स्वतः सांगतायत ना?" दोघांत संधान असल्याचं त्यांनी लिहून घेतलं. बंदी झाली.

बाहेर आल्यावर मला भयंकर राग आला होता. "अरे, एक वाक्य खरं बोलला असतास तर काम राहिलं असतं!"

"धा परक्या लोकांत घरची अब्रू काढू व्हय?" कल्लाप्पा म्हणाला. मग हात-दोन हातांवर उभ्या असलेल्या भरमाकडं न बघता मला म्हणाला, "त्याला इचारा, जेवलाय का."

मी विचारलं. भरमा म्हणाला, "त्यानं खाल्लंय का ते आधी इचारा."

कुणीच जेवलं नव्हतं. बसस्टँडजवळच्या एका खाणावळीत तिघं एका टेबलावर बसलो. आमटी आली. दोघांनीही आधी तिचा वास घेतला, मग घास घेतला.

"मीठ न्हाय ह्याला," भरमा ताटाकडं बघत पुटपुटला.

"आणि फोडणी जळलीया," कल्लाप्पा म्हणाला. "तू केली असतीस तर अशी जळली नसती."

भरमानं मान वर केली. "दिपालीच्या लग्नात का न्हाय सांगितलंस मला, आण्णा?"

"चुकलं रं," कल्लाप्पा म्हणाला.

दोघांत संधान असल्याचं सरकारनं लिहून ठेवलं होतं, ते खरं झालं ते असं, काम गेल्यावर. मी मुकाट्यानं ती अळणी आमटी जेवलो.